लावणीच्या ओळीत

आमच्या घरी वालाचं बिरडं व्हायचं असलं की ते आदल्या दिवशीच वासावरून कळायचं. मोड आलेल्या वालांना एक कच्चा, हिरवट, किंचित उग्र वास येतो, तो फडक्यातून बाहेर येऊन ओटीपर्यंत पसरायचा. सकाळी काकी ते वाल कोमट पाण्यात टाकायची आणि आई, काकी, शेजारच्या एकदोघी परातीभोवती बसायच्या. एका हाताच्या चिमटीत वाल धरायचा, दुसऱ्या हाताच्या नखानं टोकाशी साल फोडायची, दाबलं की डाळिंबी सुळकन बाहेर. बायकांच्या गप्पा चालू असायच्या आणि बोटं आपली आपण चालायची. मीही त्यांच्यात बसायचे. माझं काम सालं गोळा करून शेळीपुढे टाकायचं. ते काम डाव्या हाताचं होतं आणि माझा डावा हात चलाख होता. उजवा मांडीवर असायचा, कोपरात वाकलेला, मूठ वळलेली, अंगठा बोटांच्या आत.

जन्मताना मला उशिरा श्वास आला आणि मेंदूच्या एका बाजूला इजा झाली. सेरेब्रल पाल्सी हे नाव आईला सांगितलं गेलं होतं, पण ते तिच्या जिभेवर कधी बसलं नाही. गावात म्हणायचे, ‘पोरीला वारं गेलंय.’ उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही ताठ. पायाची टाच टेकायची नाही, पण पळायचे मी सगळ्यांबरोबर. हाताचं मात्र सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आई माझी वेणी घालायची, बटणं लावायची, डब्याचं झाकण उघडून द्यायची, चपलेचा पट्टा अडकवायची. लग्नाच्या पंगतीत मी डाव्या हातानं जेवायला लागले की बाजूच्या बायका एकमेकींकडे बघायच्या, म्हणून आई मला आपल्या पानातलं भरवायची. मी दहा वर्षांची घोडी आणि तोंडात घास. मला त्याची लाज वाटायची असं मात्र नाही. खरं सांगायचं तर मला ती सवय झाली होती, आणि सवयीची लाज वाटायला माणसाला आधी दुसरं काहीतरी दिसावं लागतं.

उपचार केले नव्हते असं नाही. तेल झालं, मालीश झालं, लोधिवलीजवळच्या एका बाईकडे मंतरलेला दोराही झाला. मग एका मोठ्या दवाखान्यात त्यांनी माझ्या चांगल्या हाताला जाड कापडाची पिशवी बांधली. चांगला हात बंद ठेवला की वाईट हात काम करायला लागतो, असं ते म्हणाले. काही मुलांना त्याचा फायदाही होतो, हे मला पुढे कळलं. मला झाला नाही. दिवसभर दोन्ही हात गेल्यासारखं वाटायचं. पाणी प्यायला आईला हाक, नाकावरची माशी हाकलायला आईला हाक. एके दिवशी मी ती पिशवी दातांनी सोडली आणि शेणाच्या खड्ड्यात टाकली. आईनं विचारलं तेव्हा सांगूनही टाकलं. मला वाटतं, तिलाही बरंच वाटलं असावं.

बाबा खालापूरच्या बाजूला एका कंपनीत होते, पाळीवर जायचे, आणि उरलेल्या वेळात शेती बघायचे. काका टेंपो चालवायचे, ते बहुतेक रस्त्यावरच. म्हणजे घरातली शेती खरी काकीच करायची. बाबांच्या मनात त्या वर्षी एक विचार पक्का झाला होता. पुण्याकडे माझ्यासारख्या मुलांची निवासी शाळा होती, तिथे मला ठेवायचं. कंपनीतल्या कुणीतरी त्यांना सगळी माहिती दिली होती. आई रडायची, पण बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी आज म्हणू शकते. ते म्हणायचे, ‘हितं तिचं सगळं आपनच करतो. आपन नसलो मग? गावच्या हायस्कूलात हिचा डबा कोन उघडून देनार?’ मला मात्र जायचं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात कर्जतला भिसेगावात एका हॉलमध्ये आमच्यासारख्या मुलांचं शिबिर लागलं. आईला आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलं. चौकातून टमटम पकडायची, आईच्या मांडीला मांडी लावून बसायचं, रस्त्याकडेला करवंदं विकणाऱ्या ठाकर आदिवासी बायका दिसायच्या, पानाच्या द्रोणात काळीभोर करवंदं. शिबिर चालवणाऱ्या मेधाताई तेव्हा तिशीच्या असतील. उंच, घाईघाईत चालणाऱ्या, आणि प्रत्येक मुलाशी खाली बसून बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी मी आपणहून डावा हात पुढे केला. म्हटलं, बांधतील आता. त्या म्हणाल्या, ‘याला कशाला बांधू? हा तर कामाचा माणूस आहे. आपल्याला त्या दुसऱ्यालाही कामावर बोलवायचंय. दोघं मिळून.’

मग खेळ सुरू झाले. मला ते खेळच वाटले. चिक्कीच्या पुड्या फोडायच्या, बरण्यांची झाकणं फिरवायची, पत्ते वाटायचे, पिठाचा गोळा दोन्ही तळव्यांत वळायचा, ढोलकी वाजवायची. प्रत्येक गोष्ट अशी निवडलेली, की एका हातानं ती होऊच नये. आणि ती करून दाखवताना त्या कधी ‘उजवा हात वापर’ असं म्हणायच्या नाहीत. विचारायच्या, ‘आता बरणी कोण धरणार?’ मग मी बघायचे, की बरणी धरायला तर उजवाच मोकळा आहे. तो धरायचा, वेडावाकडा, कधी छातीशी दाबून. पण धरायचा.

मुलांपेक्षा आयांना अवघड जात होतं. मूल अडलं की आईचा हात पुढे. मेधाताईंनी त्यावर युक्ती काढली. खेळ सुरू झाला की त्या प्रत्येक आईच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा पेला द्यायच्या, बशीशिवाय. दोन्ही हातांनी धरला नाही तर सांडणार. माझी आई चहा न पिता तो पेला धरून बसायची आणि माझ्याकडे बघताना तिचे ओठ हलायचे, जणू तीच मनातल्या मनात पुडी फोडतेय. एकदा तिनं पेला खाली ठेवला. मेधाताईंनी फक्त पेल्याकडे बघितलं. आईनं तो पुन्हा उचलला.

तिथेच मला नेरळची निलोफर भेटली. तिचा डावा हात तसा होता, माझा उजवा. आम्ही शेजारी बसलो की मधले दोन हात कामाचे आणि कडेचे दोन बिनकामाचे, किंवा उलट, कशा बसतो त्यावर. कुणाला काय शिकायचंय असं मेधाताईंनी विचारलं तेव्हा निलोफर पटकन म्हणाली, ‘मला माझी वेणी मीच घालायची. अम्मी इतकी घट्ट घालते, की डोळे वर ओढतात.’ सगळे हसले. एका मुलाला केळं सोलायचं होतं. माझी पाळी आली.

‘मला लावणी करायची,’ मी म्हटलं.

‘नाच?’ मेधाताईंनी विचारलं.

‘भाताची.’

लावणी म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. गणपतीसुद्धा त्यानंतर. चिखल झालेल्या खाचरात बायका एका ओळीत वाकून उभ्या राहतात, मागे मागे सरकत रोपं लावत येतात, कुणीतरी गाणं उचलतं, बाकीच्या धरतात. मी दरवर्षी बांधावर. प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन, भाकऱ्यांची टोपली आणि कुणाचं तरी तान्हं पोर सांभाळत. काकी मला उतरू द्यायची नाही. ‘पाय रुतला तं काडायचा कोनी?’ ती म्हणायची. ओळीतल्या बायका तिकडे हसायच्या, एकमेकींवर चिखल उडवायच्या, आणि ते हसू कशावरून चाललंय हे मला बांधावरून कधी ऐकू यायचं नाही. मला त्या ओळीत जाऊन ते ऐकायचं होतं. मेधाताईंना मी एवढं सगळं नाही सांगितलं. एका हातात रोपांची मूठ धरायची, दुसऱ्यानं त्यातली दोनतीन रोपं काढून चिखलात खोचायची, एवढंच करून दाखवलं. त्यांचे डोळे चमकले. ‘म्हणजे धरणारा हात आणि लावणारा हात,’ त्या म्हणाल्या. ‘सुगंधा, हे तर आपलंच काम आहे.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी कांद्याच्या पातीच्या जुड्या आणि घमेलंभर ओली माती आणली. मला वाटलं होतं, धरणं अवघड जाईल. धरणं सोपं निघालं. सोडणं अवघड होतं. माझी उजवी मूठ एकदा आवळली की आवळलीच. मी डाव्या हातानं पात ओढायचे, आणि जितकं ओढावं तितकी मूठ घट्ट. पात तुटून हातात यायची. मला राग आला की आणखी घट्ट. शेवटी मी घमेलं लाथेनं उलटं केलं.

मेधाताईंनी माती गोळा केली, मलाही करायला लावली, आणि मग माझं मनगट धरलं. ‘हे खाली सोड,’ त्या म्हणाल्या. ‘मनगट ताठ ठेवून बोटं उघडायला गेलीस तर ती भांडतात. ते खाली लोंबू दे. बघ.’ मी मनगट सोडलं आणि बोटं जराशी सैल झाली, अंगठा बाहेर आला. ‘आणि घाई करू नकोस. घाई केलीस की तुझा मेंदू सगळ्यालाच धर म्हणतो.’ आज माझी चाळिशी उलटलीय, ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, आणि टेबलासमोर कुणी आवाज चढवला की माझी उजवी मूठ अजूनही वळते. मी मनगट टेबलाच्या कडेवरून खाली सोडते, आणि मगच उत्तर देते. माझ्या शांत स्वभावाचं ऑफिसात कौतुक होतं. त्यांना काय माहीत.

शिबिर संपलं, पण मेधाताईंनी आईला बजावलं होतं, की खरं शिबिर घरी. आईनं ते मनावर घेतलं. घरातली वालाची परात, लसणाची पाकळी, शेंगा, धुण्याचं पिळणं, सगळ्याला ती मला हाक मारायला लागली. काकीला ते पटत नव्हतं. ‘लेकराचा छळ मांडलाय,’ ती म्हणायची. एकदा मी चपलेचा पट्टा लावत बसले होते, टमटम दारात थांबलेली, ड्रायव्हर हॉर्न देतोय. काकी वाकली. आईनं तिचा दंड धरला. ‘ऱ्हाऊ द्या वयनी. लावते ती.’ टमटम गेली. आम्ही पुढची पकडली. धाकट्या जावेनं काकीचा हात धरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

पाऊस चांगला लागला, राबातली रोपं लावणीला आली, आणि त्या वर्षी माणसं मिळेनात. डोंगराखालच्या वाडीवरचं जे कुटुंब दरवर्षी आमच्याकडे लावणीला यायचं, ते सगळंच्या सगळं एका कॉलनीच्या बांधकामावर गेलं होतं. तिथे रोजचं काम होतं, येतील कशाला. मोठ्या खाचरात ओळ धरायला काकी, आई आणि शेजारच्या दोघी, एवढ्याच. मी बांधावर टोपली ठेवली, चपला काढल्या आणि आत उतरले.

‘वर हो,’ काकी म्हणाली.

‘मला येते.’

‘काय येते? घमेल्यात कांदे लावलेस ते?’

‘वयनी,’ आई कमरेतून उठली. तिच्या दोन्ही हातांना चिखल होता. ‘तिला माज्या बाजूला उभी ऱ्हाऊ द्या. नाय जमलं तं ती सोताच जाईल वर.’

काकीनं माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि पुन्हा वाकली. तिचं नाही म्हणणं संपलं होतं, हो मात्र ती म्हणाली नाही.

खरी मूठ कांद्याच्या पातीपेक्षा जड असते आणि गार. मुळांना चिखल धरलेला असतो, तो कोपरापर्यंत ओघळतो. मी ती उजव्या हातात धरली, मनगट गुडघ्याशी टेकवून खाली सोडलं आणि डाव्यानं पहिली दोन रोपं काढली. निघाली. खोचली. पुन्हा काढली. हात चालत होता. पाय मात्र चालेना. लावणीत मागे सरकायचं असतं आणि माझी उजवी टाच चिखलात रुतत नसे, पायाचा नुसता चवड्यावर भोवरा व्हायचा. मी पहिल्यांदा पडले ती सरळ मागे, बसकण मारून, पाणी कमरेपर्यंत. ओळ थांबली. मला आठवतं, आई पुढे आली नाही. तिनं नुसतं विचारलं, ‘मूठ हाय ना हातात?’ मूठ हातात होती. पडतानासुद्धा माझ्या त्या हातानं ती सोडली नव्हती. शेजारची बाई खो खो हसली, मग आई हसली, आणि मला पहिल्यांदा कळलं, की त्या ओळीतल्या बायका कशाला हसतात. कुणीतरी पडलं की हसतात. त्यात दुसरं काही नसतं.

त्यानंतर मी डावा पाय आधी मागे न्यायचा आणि उजवा त्याच्याजवळ ओढायचा, असं बसवलं. माझी ओळ वाकडी झाली. आईच्या चार ओळी होईपर्यंत माझी एक व्हायची. दुपारी बांधावर भाकरी आणि जवळ्याची चटणी निघाली. मी डाव्या हातानं जेवले. कुणी कुणाकडे बघितलं नाही, सगळ्यांच्या हातांना चिखलाचाच रंग होता.

खरी गोष्ट घडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. बाबा रात्रपाळी करून आले होते आणि चहाची किटली घेऊन शेतावर उतरले. आदल्या दिवशीचं सगळं त्यांना आईनं सांगितलं होतं. आम्ही खाचरापाशी पोचलो तर काकी आधीच पाण्यात उभी. कडेच्या बाजूला बरीच रोपं मुळांसकट पाण्यावर तरंगत होती. खोल गेली नाहीत की अशी रात्रीत वर येतात.

‘सुगंधे,’ काकीनं हाक मारली. ‘हिकडं ये. ही कुनाची रोपं?’

मी बघितलं. माझ्याच ओळी. ‘माजी.’

‘मंग परत कोन लावनार? मी? रोप वर वर ठेवून जातेस, देवाला फूल वाह्यल्यावानी. आंगठा जाऊ दे की चिखलात. काल पोटभर जेवलीस ना?’

बाबांनी किटली बांधावर ठेवली. ‘वयनी, आवो, ती...’

‘तुमी मदी बोलू नका,’ काकी म्हणाली. ‘माजं तिच्यासंगती चाललंय.’

माझे कान तापले. डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी आत काहीतरी उभं राहिलं, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. घरात मला कुणी कधी कामावरून बोललं नव्हतं. माझ्या चुलत बहिणीला लग्न होईपर्यंत दिवसातून दहा वेळा बोलणी बसायची, दूध उतू गेलं, केर राहिला, पोहरा विहिरीत पडला. मला नाही. माझ्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती, तर चुकणार काय? आणि आता काकी भर खाचरात, शेजारणींसमोर, मला ओळीतल्या कुठल्याही बाईला बोलावं तशी बोलत होती. मी चपला काढल्या, तरंगणारी रोपं डाव्या हातानं गोळा केली, उजव्या मुठीत एक एक करून भरली आणि खोचायला लागले. या वेळी अंगठा चिखलात जाईपर्यंत. बाबा बांधावर उभे होते. चहा निवून गेला. कुणीतरी त्यांना म्हणालं, जाऊन झोपा जरा. ते गेले नाहीत.

त्या दिवशी दुपारी ते माझ्याशेजारी पडवीत बसले. मी पाय धूत होते.

‘पुन्याला जायाचंय तुला?’ त्यांनी विचारलं. इतक्या महिन्यांत हे त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं.

‘नाय.’

‘हायस्कूलात डबा कोन उघडंल?’

‘मी. नाय उघडला तं कुनाला तरी सांगीन. पन आदी मी बघीन.’

ते उठले, छत्री घेतली आणि नाक्यावर फोन करायला गेले. पुण्याची शाळा वाईट नव्हती, हे मला पुन्हा सांगायचंय. तिथून शिकून आलेली माणसं मला पुढे भेटली, चांगली शिकलेली, उभी राहिलेली. माझी वाट वेगळी निघाली, इतकंच. निलोफरची आणखी वेगळी. ती आता नेरळला पार्लर चालवते, आणि तिच्याकडे वेणी सैल घालून मिळते.

माझा उजवा हात बरा झाला नाही. होणारही नव्हता, तसं मेधाताईंनी कधी सांगितलंही नव्हतं. तो आजही धरणाराच हात आहे. वही धरतो, परात धरतो, माझी मुलगी लहान असताना तिला छातीशी धरायचा आणि डावा बाकीचं बघायचा. ते मोठं खाचर आता मुंबईच्या कुणाच्या तरी बंगल्याच्या कंपाउंडात गेलंय, तिथे विदेशी गवत लावलंय आणि ते कापायला माणूस ठेवलाय. वरचं छोटं खाचर आमच्याकडे अजून आहे.

त्या दिवशी बाबा नाक्यावरून परत आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. छत्री कोपऱ्यात टेकवून ते पाटावर बसले. ‘नाय म्हनून सांगितलं,’ एवढंच म्हणाले. आईनं त्यांच्या ताटात भात वाढला, मग माझ्या, आणि पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं. काकी चुलीपाशी पाठमोरी होती. तिनं ऐकलं की नाही ते कळलं नाही. भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात टाकली आणि मग मागे न बघता म्हणाली,

‘शनिवारी शाळा सकाळची आसते ना गं?’

‘हो.’

‘मंग दुपारच्याला वरच्या खाचरात ये. आनि खोल दाब. तुजी रोपं मी परत लावनार नाय.’

‘नको लावूस,’ मी म्हटलं.